जुन्या कूलरातली मेट्रन

काल कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या बसवल्या. पहिलं पाणी सुटलं, वाळा भिजला आणि तो वास घरभर पसरला. ज्यांनी नागपूरचा उन्हाळा काढला नाही त्यांना तो समजावून सांगता येत नाही, आणि मी तसा प्रयत्नही करणार नाही. मी टेबलाशी बसून पत्रक लिहीत होते. ‘बागेचा नळ कोणी बंद केला?’ असा मथळा टाकला होता, पुढे दोन उद्गारचिन्हं. तिसरं टाकणार तेवढ्यात वास आला आणि हात थांबला. कागदावर मला एक कोंबडी दिसायला लागली. डोळे अर्धे मिटलेली, अंग फुगवून बसलेली, गंजक्या पत्र्याच्या खोक्यात, वाळलेल्या वाळ्यावर.

सांगून टाकते, मला असलं लिहायची सवय नाही. मी विहाराच्या अभ्यासिकेत लिहायला शिकले आणि तिथे लिहिणं म्हणजे पत्रक. एका पानात बसलं पाहिजे, लांबून वाचता आलं पाहिजे, आणि वाचून झाल्यावर माणसाने उठून काहीतरी केलं पाहिजे. वाळ्याच्या वासाची काही मागणी नसते. तो नुसता येतो आणि बसतो, दुपारी आलेल्या पाहुण्यासारखा. त्याला पत्रकात कुठे घ्यायचं?

तरी आज नळ थोडा वेळ बाजूला ठेवते.

तो उन्हाळा आईच्या निवृत्तीचा. आई धंतोलीतल्या एका दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स होती. उभं आयुष्य उभ्याने काढलेली बाई. शेवटच्या दिवशी सगळ्यांनी शाल-नारळ दिलं, आणि तिच्या वॉर्डात आयाचं काम करणाऱ्या, कुहीकडच्या शांतामावशींनी एक टोपलं दिलं. वरून लुगड्याचा तुकडा बांधलेला. आतून आवाज येत होता. ऑटोवाला सारखा मागे वळून पाहत होता म्हणे. घरी येऊन आईने गाठ सोडली तर तीन गावरान कोंबड्या आणि एक कोंबडा.

“कापून खायले दिले तिनं,” आई म्हणाली.

“मग?”

“मग काय? त्याच्याकडे पाह्य. हा डॉक्टरसारखा चालून राहिला वं.”

झालं. नाव ठेवलं की कापता येत नाही, हे आईला ठाऊक असणारच. तुरा ताठ ठेवून अंगणाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत राउंड घेणारा तो मोठे डॉक्टर. तांबडी, जाडसर, बाकीच्यांना दाण्यावरून हाकलणारी ती मेट्रन. दुसरी स्टाफ. तिसरी बारकी पांढरी, सगळ्यांच्या मागून उरलेलं टिपणारी, तिचं नाव आईने आया ठेवलं. मी म्हटलं, हे बरोबर नाही, इथेही तेच का? आई म्हणाली, “बरं, मग तू तिले मोठी डॉक्टर कर.” नाव आयाच राहिलं.

आमचं घर नागपुरातल्या नंदनवन वस्तीतलं, एका जुन्या लेआउटमधलं. पुढे रस्ता, मागे चार खाटा मावतील एवढं अंगण, त्यात कढीलिंब, एक पपई, कपडे धुवायचा दगड आणि मोडका कूलर. मोटर जळाल्यापासून तो तिथेच उभा होता. पत्र्याचं खोकं, एका बाजूची ताटी गळून पडलेली, आत मागच्या कित्येक वर्षांचा वाळा. आई निवृत्त झाली आणि त्या अंगणाची झाली. दुपारी सगळं नंदनवन दारं-खिडक्या लावून कूलरपुढे आडवं पडायचं. रस्त्यावर कुत्रंही नसायचं. आणि आई मागच्या दारात, ओली चुन्नी डोक्यावर घेऊन, पाय पसरून बसलेली. कोंबड्या तिच्या पायाच्या सावलीत. मातीत खळगे करून त्या लोळायच्या, पंख पसरायच्या, धूळ अंगावर उडवायच्या आणि मग एकदम निपचित पडायच्या. पहिल्यांदा मला वाटलं मेल्या.

“आराम करून राहिल्या,” आई म्हणायची. “तुले माहीत नाई तो प्रकार.”

खरंच नव्हता माहीत. मी तेव्हा सकाळी बाहेर पडायचे. एका रस्त्यावरची झाडं वाचवायची मोहीम चालू होती, सह्या, निवेदनं, धरणं. घरी यायचे ती तापलेली, उन्हाने आणि रागाने. मागच्या दारात यायचे तर तिथे वेगळंच काहीतरी चाललेलं असायचं. कुक्, कुक्, असा बारीक, न संपणारा आवाज, कुणी झोपेत सुपारी चघळावी तसा. घरातल्या कूलरची घरघर. पपईच्या पानाची सावली आईच्या पायावरून हळूहळू सरकतेय. मी बोलायला तोंड उघडायचे आणि विसरायचे काय बोलायचं होतं ते. त्या मिनिटांची मला तेव्हा लाज वाटायची. बाहेर झाडं तुटतायत आणि ही बाई कोंबडीची मान खाजवतेय.

कोंबडा गेला तो दिवसही असाच. मी दोन दिवस मोहिमेच्या धावपळीत होते. परत आले तर अंगणात राउंड घेणारं कुणी नाही.

“मोठे डॉक्टर कुठे?”

“शांता घेऊन गेली. ठवकरभाऊ आले होते, म्हणे पहाटे पहाटे बांग देते.”

ठवकरकाका म्हणजे आमच्या मागच्या भिंतीपलीकडचे. पोस्टातून निवृत्त झालेले, कमी बोलणारे, पांढरा बनियान आणि पट्ट्याची पँट. मी पेटले. ते म्हणाले आणि तू दिलास? आज कोंबडा म्हणाले, उद्या कोंबड्या म्हणतील, परवा आपल्याला म्हणतील. आई तांदूळ निवडत होती. म्हणाली, “त्याच्या बायकोचं ऑपरेशन झालं. पहाटेच डोळा लागते तिचा. मी काय वॉर्डात कमी पाह्यलं काय ते?” मी हे ऐकलं. कानाने ऐकलं. मनात मात्र एवढंच लिहून ठेवलं की ठवकरांनी कोंबडा घालवला.

त्यानंतर महिना होऊन गेला असेल. एप्रिल सरत आला होता. आई तिच्या बहिणीकडे वर्ध्याला गेली आणि तीन दिवस कोंबड्या माझ्या ताब्यात आल्या. पहिल्याच दिवशी मेट्रन नाहीशी झाली. मी भिंतीवरून पाहिलं, गच्चीवर पाहिलं, पपईवरसुद्धा पाहिलं. सापडली ती मोडक्या कूलरात. वाळ्याचा खळगा करून बसली होती. हात लावायला गेले तर अंग दुप्पट झालं आणि घशातून असा आवाज काढला की मी दोन पावलं मागे. मोबाइलवर विचारलं, समजलं. याला खुडूक होणं म्हणतात. कोंबडीच्या मनात बसायचं आलं की ती बसते. खाणं सोडते, फिरणं सोडते. तिच्याखाली अंडी ठेवली तर एकवीस दिवस उबवते.

मला ते फार आवडलं. एखादी बाई ठरवून बसते आणि हलत नाही, हे आमच्या कामाचंच की! स्वयंपाकघरातल्या टोपलीत अंडी होती, या तिघींचीच. मी नऊ घेतली, एकेक करून तिच्या पोटाखाली सरकवली. प्रत्येक अंड्याला तिने चोचीने ओढून आत घेतलं, माझ्याकडे न पाहता. त्या वेळी माझ्या तळहाताला तिच्या पोटाची ऊब लागली. पिसं गळून तिथे नुसती कातडी उघडी होती, तापलेली. मी बराच वेळ हात तसाच ठेवला. कूलरच्या पत्र्याच्या भोकांतून उन्हाचे ठिपके आमच्या दोघींवर पडले होते.

आई आली, वाकून पाहिलं, म्हणाली, “अरे वा! बसली काय?” आणि पाण्याचं भांडं तिच्याजवळ सरकवलं. एवढंच.

दोन दिवसांनी लेआउटच्या समितीची नोटीस आली. टाइप केलेली, शिक्का मारलेली. निवासी भागात कोंबड्या पाळल्याने दुर्गंधी व रोगराईचा धोका संभवतो, तक्रार प्राप्त झाली आहे, आठ दिवसांत हटवाव्यात. तक्रार कुणाची, लिहिलं नव्हतं. मला लिहायची गरजच नव्हती. भिंतीपलीकडे बनियान वाळत होतं.

त्या संध्याकाळी मी जे पत्रक लिहिलं ते माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं पत्रक होतं असं मला तेव्हा वाटलं. मथळा: ‘नऊ जिवांचा जन्म रोखणार कोण?’ खाली: ‘एक आई अन्नपाणी सोडून बसली आहे. तिच्या पोटाखाली नऊ जीव आकार घेत आहेत. आणि आपल्याच लेआउटमधल्या काही संवेदनाशून्य शेजाऱ्यांना त्यांचा त्रास होतो! ज्यांनी कोंबडा घालवला त्यांचं समाधान झालं नाही काय?’

होय, हे मी लिहिलं. कोंबडा घालवला, हेही त्यातच लिहिलं, आणि नऊ जीव, हेही त्यातच. दोन ओळींच्या अंतरावर. दोनशे प्रती काढल्या. दारोदार वाटल्या. चौथ्या गल्लीतल्या मास्तरांनी डोळे पुसले. एका बाईने मेट्रनसाठी बाजरी दिली. ठवकरांच्या दारात मी बेल न वाजवता पत्रक फटीतून आत सरकवलं. मुद्दाम. आतून कुणीतरी कण्हल्याचा आवाज आला, पण मी पुढे निघाले होते.

रविवारी सकाळी मैदानातल्या कडुलिंबाखाली बैठक झाली. प्लास्टिकच्या खुर्च्या, पाण्याचा जार, समितीचे सचिव फाइल मांडीवर घेऊन. मी उभी राहून बोलले. फार काही मागत नाही, म्हटलं. पिलं निघेपर्यंत थांबा. मग आम्ही स्वतःच सगळ्यांना गावी पाठवू, हा शब्द. सचिव म्हणाले, “मॅडम, आज कोंबडी, उद्या कोणी बकरी आणील.” कुणीतरी मागून म्हणालं, “आणू द्या ना साहेब, दूध पिऊ!” लोक हसले. आणि मग ठवकरकाका उठले.

मी अंग ताठ केलं. त्यांच्या हातात माझं पत्रक होतं, चार घड्या घातलेलं. त्यांनी ते उलगडलं, चष्म्यातून पुन्हा एकदा वाचलं, माझ्याकडे पाहिलं. मला अजून दिसतात ते डोळे. रागाचे नव्हते, पण मी ते रागाचेच धरले.

“अंड्यावर बसलेल्या कोंबडीले उठवू नये, साहेब,” ते म्हणाले. “तक्रार माझी होती, पण महिन्याआधीची, अन् फक्त कोंबड्याची. तो गेला. आता तिचं होऊ द्या.”

आणि खाली बसले. पत्रकाची घडी घालून खिशात ठेवली.

पिलं निघेपर्यंत मुदत मिळाली. पंधरा दिवस, असं सचिवांनी फाइलीत लिहिलं. मी घरी आले ती तरंगत. मला वाटलं, पत्रकाने काम केलं. लाजले ते.

त्यानंतरचे दोन दिवस आठवले की अजून डोळ्यांवर झापड येते. मे लागला होता. सकाळी आठलाच ऊन पांढरं व्हायचं. मी मोहिमेला सुट्टी दिली आणि आईच्या शेजारी मागच्या दारात बसायला लागले. कूलरच्या खोक्यावर गोणपाट टाकलं होतं, त्यावर मी तासातासाला पाणी शिंपडायचे. जुना वाळा आतून भिजायचा आणि तो वास यायचा. मेट्रन चोच उघडी ठेवून धापा टाकायची, पण हलायची नाही. तिच्या डोळ्यांवर खालून वर एक पांढरा पडदा यायचा, जायचा. स्टाफ आणि आया खोक्यापाशी येऊन डोकावून जायच्या, भेटीच्या वेळेला आल्यासारख्या. मी त्या नऊ पिलांची नावं ठरवत होते. मला वाटायचं, कान लावला तर त्यांच्या आतली हालचाल ऐकू येईल. एकदा खरंच लावला. काहीतरी ऐकू आलं. माझंच रक्त असणार.

तिसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवरून हाक आली. “पोरी, जरा एक अंडं आण इकडं. आणि एखादा कागद.”

ठवकरकाका. मी मेट्रनच्या खालून एक अंडं काढलं, तिने हाताला चोच मारली. कागद म्हणजे घरभर पत्रकंच होती. काकांनी पत्रकाची सुरळी केली, एका तोंडाशी अंडं धरलं, ते उगवतीच्या उन्हाकडे केलं आणि दुसऱ्या तोंडाला डोळा लावला. मग सुरळी तशीच धरून मला म्हणाले, “पाह्य.”

मी पाहिलं. आत नारिंगी उजेड होता. इतका सुंदर की क्षणभर मी कशासाठी पाहतेय तेच विसरले. सबंध, स्वच्छ, कुठे रेघ नाही, ठिपका नाही. जणू मावळतीचा सूर्य कुणी टरफलात भरून ठेवलाय.

“काय दिसते?”

“उजेड.”

“हं. बसून इतके दिवस झाले. आत आता लाल धाग्यासारख्या शिरा दिसायले पाहिजे होत्या. मधात एक ठिपका. हलणारा.”

“मग?”

काकांनी सुरळी खाली घेतली. “कोंबडा कुठाय बेटा?”

मी म्हणाले, “शांतामावशीकडे...” आणि त्या अंड्याकडे पाहिलं. महिन्याभरापूर्वी गेलेला कोंबडा. त्याच्या मागून घातलेली अंडी. कोंबड्याशिवाय अंड्यात जीव कसा येणार, हे मला माहीत होतं. शाळेत मार्क मिळाले होते त्याला. दोनशे प्रतींत मी स्वतः छापलं होतं की कोंबडा गेला. आणि साऱ्या लेआउटमध्ये कुणालाही, मास्तरांनासुद्धा, ते दिसलं नव्हतं.

मागे आई उभी होती. तिने तोंडावर पदर धरला होता. “मले वाटलं शांतानं पाठवले वं अंडे! हे घरचेच ठेवले तू?” आणि मग तिला हसू आवरेना. “माय वं! उभी जिंदगी डिलिव्हऱ्या केल्या मी... अन् माझी पोट्टी...” ती धुण्याच्या दगडावर बसून हसली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

मी हसले नाही. मी काकांना विचारलं, “तुम्हाला कधी कळलं?”

“पत्रक वाचलं तेव्हाच.”

“मग बैठकीत बोलले काहून नाही?”

ते भिंतीवरच्या मुंग्यांच्या रांगेकडे पाहत होते. “बोललो असतो तर तुले सारे हसले असते. अन् कोंबडीले त्याच दिवशी उठवलं असतं. तिचं काय चुकलं होतं?”

मला त्या सकाळी एकच इच्छा होती, कूलरच्या खोक्यात मेट्रनच्या शेजारी जाऊन बसावं आणि वरून गोणपाट टाकून घ्यावं. संवेदनाशून्य. हा शब्द मी त्यांच्या दाराच्या फटीतून आत टाकला होता. तो त्यांच्या खिशात होता, चार घड्या घातलेला.

त्याच दिवशी काका सायकल काढून बस स्टँडवर गेले आणि तिथून मौद्याच्या बाजूला त्यांच्या भावाकडे. संध्याकाळी परत आले तर हातात स्टीलचा डबा, डब्यात गहू, गव्हात रोवलेली सात अंडी. दिवेलागणीला, कोंबडीला नीट दिसेनासं होतं त्या वेळेला, अंडी बदलायची असतात, त्यांनी सांगितलं. एक हात पोटाखाली घालायचा, जुनं काढायचं, नवं ठेवायचं. ते माझ्याकडूनच करून घेतलं. मेट्रनने सातही अंडी तशीच चोचीने ओढून घेतली. तिला फरक कळला की नाही, मला माहीत नाही. ती नऊ रिकामी अंडी मी पपईच्या बुडाशी पुरली, कुणाशी न बोलता.

आता मुदतीचं काय? नवे एकवीस दिवस धरले तर पंधरा कुठेच पुरत नव्हते. मी म्हटलं, मी जाते, चूक कबूल करते. आई म्हणाली, जा. खरंच निघाले होते, चप्पल घातली होती. फाटकाशी काका भेटले. सचिवांकडूनच येत होते. “झालं काम,” म्हणाले. “मी सांगतलं, दिवस मोजण्यात माझी चूक झाली. जून लागेपर्यंत देऊन राहिले.”

“पण चूक तर माझी...”

“मी पोस्टातला माणूस. तारखेची चूक केली म्हटलं तर थोडी गंमत वाटते लोकायले,” ते म्हणाले आणि घरात गेले.

नवी अंडी ठेवल्याच्या आठव्या दिवशी आम्ही एक अंडं त्यांच्या घरी नेलं. ठवकरकाकू खिडकीशी खाटेवर होत्या, त्यांना उठवत नव्हतं. मी त्यांच्या घरात पहिल्यांदाच जात होते, पंधरा पावलांवरच्या घरात. खोलीत औषधाचा आणि वाळ्याचा वास. काकांनी पुन्हा पत्रकाची सुरळी केली, तेच खिशातलं पत्रक, घड्यांच्या रेघा उमटलेलं. अंडं उन्हाकडे, सुरळी काकूंच्या डोळ्याला. त्या कितीतरी वेळ पाहत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, “हालून राहिलं ना जी.” आपलाच हात हलला असेल असं वाटून काकांनी तो आणखी घट्ट धरला. “नाई, तुमचा हात नाई. आतलं.”

मग मी पाहिलं. लाल, केसाइतके बारीक धागे, नारिंगी उजेडात पसरलेले, नकाशातल्या नद्यांसारखे. आणि मधे एक ठिपका. थांबत होता, हलत होता, थांबत होता. सुरळीच्या आतल्या बाजूने माझीच उलटी अक्षरं दिसत होती, उन्हात पारदर्शक झालेली, वाचता न येणारी.

काकू म्हणाल्या, “तुझ्या त्या कोंबडीचा आवाज येते मले दुपारी. बरं वाटते. कोंबडा तेवढा नको होता वं.”

पिलं निघाली ती नवतपात. त्या नऊ दिवसांत नागपूर म्हणजे तव्यावर ठेवलेलं असतं. रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं, पाण्याचा नळ सोडला तर चहाचं पाणी येतं. मेट्रन महिनाभर एका जागी बसून निम्मी झाली होती. आई तिला ओंजळीतून पाणी पाजायची, ओला दाणा भरवायची, नाडी पाहिल्यासारखी तिच्या मानेला बोट लावायची. “दम धर बाई,” म्हणायची, वॉर्डातल्या आवाजात. शेवटच्या सकाळी खोक्यातून टिक, टिक असा आवाज आला. एका अंड्यावर ताऱ्यासारखी चीर पडली होती. आईने मला हात लावू दिला नाही. “तिचं तिले करू दे. ओढलं तर मरते.” आम्ही तिघं, आई, मी आणि भिंतीवरून काका, दुपारपर्यंत उन्हात उभे. सातांतली पाच निघाली. एक अर्ध्यावर थांबलं, एक अंडं थंडच राहिलं. ओली, भेसूर, चिखलाच्या गोळ्यासारखी पिलं, आणि तासाभरात वाळून अशी झाली की मला नजर काढवेना. काका एक पिलू बनियानात घालून घरी घेऊन गेले. खिडकीतून काकूंचं हसणं ऐकू आलं.

शब्द दिला होता. जूनच्या आधी सगळ्या जणी मौद्याला गेल्या, काकांच्या भावाकडे. टोपलं शांतामावशींचंच. मी तयारी ठेवली होती, दुसऱ्या पत्रकाचा मथळाही मनात होता. पिलं आहेत, ऊन आहे, आणखी मुदत द्या. मिळालीही असती. आई म्हणाली, “तू उभी राहून सांगतलं होतं ना?” मग मी टोपल्याच्या तळाशी कूलरातला जुना वाळा घातला, वर लुगड्याचा तुकडा बांधला. आया तेवढी शेवटपर्यंत हाती लागत नव्हती. कढीलिंबाभोवती मी तिच्यामागे चार चकरा मारल्या.

काकू त्या पावसाळ्यात चालायला लागल्या. काका-काकू आता लेकाकडे, मनीषनगरला, चौथ्या मजल्यावर राहतात. तिथे एसी आहे. कधी गेले की काकू विचारतात, “वाळा लावला काय वं?” आणि मी सांगते, लावला. गेल्या वर्षी त्यांच्यासाठी मूठभर घेऊन गेले होते. त्यांनी तो उशीच्या खोळीत घातला.

अंगणात अजून तो कूलर आहे. आईने त्यात कोथिंबीर लावून पाहिली, आली नाही. दुपारी ती अजूनही मागच्या दारात बसते, पाय पसरून. त्या पायांच्या सावलीत आता कुणी नसतं, तरी ती मधूनच पाय न हलवता बसून राहते, आणि मला समजतं ती कुणाची झोप मोडू नये म्हणून जपतेय.

आणि एक राहिलं आहे. मी कुठलंही पत्रक लिहिलं की आई ते वाचते, चष्मा खाली घेते आणि विचारते, “कोंबडा पाह्यला काय?” पहिल्या वर्षी मला राग यायचा. चिडून मी म्हणायचे, हे वेगळं आहे, हे गंभीर आहे. मग कधीतरी मीच छापायला देण्याआधी एकदा थांबायला लागले. राग कमी झाला असं कुणी समजू नये. बैठकीत मी अजूनही पहिली उठते. पण दोन ओळींच्या अंतरावर काय लिहून ठेवलंय ते आता पुन्हा वाचते.

काल संध्याकाळी तेच झालं. बागेचा नळ. मागच्या आठवड्यापासून त्याला कुलूप आहे, दुपारी कामावरची माणसं तिथे पाणी प्यायची, आता तळमळत पुढे जातात. हे चीड येण्यासारखंच आहे आणि मला चीड आलीच आहे. पत्रकात मी बागेच्या माळ्याचं नाव घातलं होतं. किल्ली त्याच्याच कमरेला असते, मी स्वतः पाहिलीय. आईने वाचलं. वाळ्याचा वास येत होता. तिने चष्मा खाली घेतला. काही विचारलं नाही, नुसतं पाहिलं.

आज सकाळी मी तो कागद उचलला आणि सवयीने त्याची सुरळी केली. डोळ्याला लावून खिडकीकडे धरली. पलीकडे उजेड होता. स्वच्छ, सुंदर, कुठे शिरा नाही, ठिपका नाही.

ऊन पांढरं व्हायच्या आत मी चुन्नी डोक्याला बांधली आणि माळ्याकडे निघाले, नळाला कुलूप का लावलं ते त्यालाच विचारायला.